अठ्ठेचाळिसावी टाचणी

यादीबाईंचं खरं नाव नगरपालिकेच्या हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथंच पडून राहिलं. गावात लहानथोर सगळे त्यांना यादीबाईच म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर, आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. नगरपालिकेच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून एक खोली होती. दारावर पाटी: आपत्ती नियंत्रण कक्ष. त्या खोलीत बसून बाई बारा वर्षं एकच काम करत होत्या, जे संकट अजून आलेलंच नाही त्याच्या याद्या. दोर किती, बॅटऱ्या किती, शिड्या कोणाकोणाकडे, कोणता डॉक्टर सुट्टीच्या दिवशीही फोन उचलतो, बोटी किती (एक) आणि त्यात भोक नसलेल्या किती (ते विचारू नका). लोक हसायचे. म्हणायचे, "बाई, आधी पूर तर येऊ द्या!" बाई म्हणायच्या, "आल्यावर तुम्ही बसणार आहात का याद्या करायला?" तहान लागली की विहीर खणायला घेणाऱ्यांचं गाव ते. त्यात ही एकटी बाई घसा ओला असतानाच कुदळ घेऊन उभी.

पण याद्या करून भागत नाही. वर्षातून एकदा सराव करून दाखवावा लागतो. सराव म्हणजे खोटा खोटा पूर. वरच्या अंगाला पंचवीस किलोमीटरवर धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले असं समजायचं, भोंगा वाजवायचा आणि नदीकाठच्या अकरा गल्ल्या रिकाम्या करून माणसं नगरपालिकेशेजारच्या क्रीडागृहात आणायची. वरून एक निरीक्षक येतो, गळ्यात घड्याळ अडकवून सगळं बघतो आणि जाताना एका शब्दात निकाल देतो.

दोन वर्षांपूर्वीच्या सरावात भोंगाच वाजला नाही. म्हणजे वाजला, पण आत पाखरांनी संसार थाटला होता, त्यामुळे सर्दी झालेल्या शेळीसारखा आवाज निघाला आणि गावातलं एक माणूस जागचं हललं नाही. नापास. गेल्या वर्षी बाईंनी भोंगा घासून पुसून लख्ख केला, वर लाउडस्पीकरची गाडी फिरवली. गाडीवरच्या माणसाने उत्साहाच्या भरात नुसतंच "पाणी येणार आहे हो, पाणी येणार आहे!" असं ओरडायला सुरुवात केली. झालं! अकराच्या अकरा गल्ल्यांनी घरातल्या बादल्या, पिंपं, पातेली काढून नळाखाली लावली. एका आजींनी गाडी थांबवून विचारलं, "किती वेळ राहील?" निरीक्षकांनी अहवालात लिहिलं की नागरिकांचा प्रतिसाद उत्तम होता, फक्त उलट दिशेला होता. पुन्हा नापास.

मग आलं पत्र. तिसऱ्यांदा नापास झालात तर कक्ष बंद. फोन साठ किलोमीटरवरच्या शहरातल्या मोठ्या कक्षात जाईल आणि बाई जातील जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. बाईंना खिडकीचं काही वाटलं नसतं. पण शहरातल्या त्या माणसाला 'तिरक्या खांबाची गल्ली' म्हणजे कुठली, हे कोण सांगणार? नकाशात तिचं नाव भलतंच आहे, आणि ते नाव त्या गल्लीत राहणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नाही. पुरात सापडलेला माणूस फोनवर खांबच सांगणार. बाईंना रात्रीची झोप येईना. काहीही करून या वर्षी शंभरातले शंभर काढायचे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि तयारी तरी किती केली! यंदा त्यांचा सगळा जीव होता एका यादीत. आपल्या पायांनी घराबाहेर पडू शकत नाहीत अशा माणसांची यादी. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाला दिसत नाही, कोणाचा पाय मोडलेला. अकरा गल्ल्यांना बाईंनी पालिकेची अकरा माणसं लावली, आणि ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्याच गल्लीत पाठवलं. का, तर आपल्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आपल्याला ओळखतात आणि दार उघडायला लोक आढेवेढे घेत नाहीत. स्वतःची गल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली. दारोदार फिरून एक्केचाळीस नावं जमली. प्रत्येक नावाचं एक कार्ड, भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक कार्डाला एक लाल टाचणी. माणूस क्रीडागृहात पोचलं की लाल काढायची, हिरवी खोचायची. यादी बघून नगराध्यक्षसुद्धा म्हणाले, "वा!" आणि ते सहसा स्वतःच्या भाषणाशिवाय कशाला वा म्हणत नसत.

सरावाच्या दिवशी सकाळी बाई घरातून निघाल्या तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. घरात या दोघीच. बाईंचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. आवाज अजून खणखणीत आणि जीभ त्याहून. अडीच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं टाकायच्या, पण घर दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसानेही आधी देवाचं नाव घ्यावं. दोघींचं पटायचं का? पटायचं. पण भांडून पटायचं, त्याशिवाय दोघींनाही घास गोड लागायचा नाही.

"आज पूर ना गं तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई."

"किती वाजता?"

"दहाला भोंगा, बाराला पाणी."

"वेळेवर येणारं पाणी जन्मात पहिल्यांदा ऐकते. मला खिडकीशी बसव. बसल्या जागी तुझी फजिती तरी बघेन."

बाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, फोन हाताशी ठेवला. "आई, एक करा. आज कक्षाच्या नंबरवर फोन करू नका. लाइन मोकळी लागते."

"मला सांगतेस? अख्ख्या गावाच्या लाइनी मी मोकळ्या ठेवल्या एकतीस वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "जा, उशीर होईल."

निरीक्षक साडेनऊलाच हजर. उंच, वाळका माणूस. चहा बिनसाखरेचा आणि चेहराही तसाच. त्यांनी आल्या आल्या नियम वाचून दाखवला. भोंगा झाल्यापासून बारा वाजेपर्यंत कक्षप्रमुखाने खुर्ची सोडायची नाही. बारा वाजता पाणी आलं असं धरायचं. त्या वेळी सखल भागात एक जरी माणूस राहिलेलं असेल तर सराव नापास. "एक जरी," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि घड्याळाची कळ दाबून बघितली.

दहाला भोंगा वाजला आणि काय वाजला! पलीकडच्या टेकडीवरची कावळ्यांची शाळा सुटली. लाउडस्पीकरची गाडी निघाली. यंदा तिच्यावर बाईंनी लिहून दिलेला कागद होता आणि त्यात पाणी हा शब्दच नव्हता; नुसतं "घरं सोडा, क्रीडागृहात चला." लोक निघाले. कोणी पोरांना घेऊन, कोणी गाठोडं घेऊन, एक गृहस्थ पिंजऱ्यातला पोपट घेऊन. अग्निशमन दलाचे प्रमुख पुलावरचा बंदोबस्त लावून कक्षात येऊन उभे राहिले. मोठ्या मिशा, आवाज त्याहून मोठा. रुग्णवाहिकेचा चालक यादीतली माणसं आणायला लागला. त्याला गावात सावकाश म्हणायचे. बावीस वर्षांत त्याने गाडी एकदाही जोरात हाणली नव्हती. "पेशंट पोचायला हवा, मी नव्हे," असं तो म्हणायचा. पण आज त्या सावकाशपणाचंही नीट गणित बसलं होतं. फेरीमागून फेरी होत होती आणि फळ्यावरच्या लाल टाचण्या हिरव्या होत होत्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक्केचाळिसावी टाचणी हिरवी झाली.

बाईंनी फळ्याकडे डोळे भरून पाहिलं. एकही लाल नाही! बारा वर्षांत असा फळा त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. प्रमुखांनी मिशीवरून हात फिरवला. निरीक्षकांनी चष्मा वर केला, फळा जवळून बघितला, क्रीडागृहातली मोजणी मागवली, ती जुळली, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "चाळीस मिनिटं राखून," ते म्हणाले. "असं मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही, बाई."

एवढ्यात फोन वाजला.

"आपत्ती नियंत्रण कक्ष, बोला," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बोलते," पलीकडून खणखणीत उत्तर आलं. "नंबर पाच गल्ली, शेवटून दुसरी इमारत, दुसरा मजला. एक म्हातारी. मला न्यायला कधी येताय?"

बाईंनी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. हळूच म्हणाल्या, "आई, तुम्हाला सांगितलं होतं ना, फोन करू नका म्हणून."

"अगं, माझ्या हौसेसाठी नाही केला. गल्लीत चिटपाखरू राहिलेलं नाही. समोरच्या आजोबांना नेलं, खालच्या बाळंतिणीला नेलं. त्या पोपटाला नेलं! पोपटाला तर पंख आहेत. मला कोणीच विचारेना, तेव्हा म्हटलं आपण विचारावं."

"आई, हा सराव आहे."

"ते मला कळतं. मी हाड मोडून घेतलंय, डोकं नाही. पण खरंच पाणी आलं असतं तर काय केलं असतंस?"

"तर मी आले असते ना घरी!"

"कशी आली असतीस? तू तर तिथे आहेस."

"बघ काय ते," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

बाईंनी कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. गल्ली नंबर पाच. नावं चार. नोंद घेणार: स्वतः. चार नावांत सासूबाई नव्हत्या. कशा असणार? बाईंनी अख्ख्या गल्लीची दारं वाजवली होती, एक आपलं सोडून. आपल्याच घराची कडी कोण वाजवतं? दिव्याखाली अंधार, तो असा.

आणि पुढचा विचार लगेच आला. बाकीच्या दहाही जणांना त्यांनी आपापल्याच गल्लीत पाठवलं होतं.

"प्रमुख," त्यांनी खालच्या आवाजात हाक मारली. "तुमच्या घरी आत्ता कोण आहे?"

"बायको. का?"

"त्यांच्या पायाला प्लास्टर आहे ना?"

"आहे की. अजून तीन आठवडे." प्रमुखांनी फळ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या मिशा आपोआप खाली आल्या. "अहो, पण आपल्या घरचं काय लिहायचं यादीत? ते आपण बघूच की."

"तुम्ही पुलावर असताना?"

दारात सावकाश येऊन उभा होता, कपाळाचा घाम पुसत. बाईंनी त्यालाही विचारलं. "बाबा आहेत ना ताई," तो म्हणाला. "ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असतं त्यांना. सकाळपासून चार वेळा गेलो घरावरून. खिडकीतून हात करत होते मला, मीही हॉर्न दिला." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. "ताई, मी त्यांना हॉर्न देऊन पुढे गेलो हो."

निरीक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसून फॉर्म भरत होते. प्रमुख बाईंच्या कानाशी वाकले. इतका मोठा आवाज, पण कुजबुजायला लागला की भिंतीलासुद्धा ऐकू जायचं नाही. "बाई, फळा हिरवा आहे. त्यांच्या पेनाचं टोक कागदाला लागलंय. आज सही होऊन जाऊ दे, उद्या सकाळी यादी दुरुस्त करू. कोणाला कळणार आहे?"

आता खोटं कशाला बोला, बाईंच्या मनातही तेच आलं होतं. एक सही, आणि खोली वाचत होती. बारा वर्षांच्या याद्या वाचत होत्या. पूर खोटा होता, सासूबाई खिडकीशी सुखरूप होत्या, तांब्यात पाणी होतं. कोणाचं काय वाईट होणार होतं? पण "तू तर तिथे आहेस" हे कानातून जाईना.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सही करू नका. आमची यादी चुकली आहे."

निरीक्षकांचं पेन थांबलं. बाईंनी सगळं सांगितलं; एका दमात, स्वतःला जराही पाठीशी न घालता. प्रमुखांनी मधेच दोनदा खाकरून बघितलं, पण बाई थांबल्या नाहीत. "तीन जण तर आत्ताच कळलेत," त्या म्हणाल्या. "अजून किती असतील देव जाणे. एक राहिलं तरी नापास, हे मला ठाऊक आहे."

निरीक्षकांनी गळ्यातलं घड्याळ उचलून बघितलं. "पाणी किती वाजता येणार आहे?"

"बाराला."

"आता अकरा अठ्ठावीस झालेत. मग माझ्याकडे काय बघत बसलाय?"

बाई उठल्याच होत्या, तेवढ्यात त्यांना आठवलं. खुर्ची सोडायची नाही. त्या पुन्हा बसल्या. अडीच महिने ज्या बाईला त्यांनी हाताला धरून उठवलं-बसवलं, तिला आणायला त्यांनाच जाता येत नव्हतं. त्यांनी वायरलेसचा माइक ओढला.

"कक्ष सर्वांसाठी. सगळ्यांनी ऐका. आपापल्या स्वतःच्या घरात, मागे राहिलेलं कोणी आहे का? आत्ता सांगा."

वायरलेसवर आधी नुसती खरखर. मग एकाचा आवाज आला, "कशाला विचारताय?" बाई कडाडल्या, "सांगा म्हणते ना!" तशी एकेकाला कंठ फुटला. भोंगा दुरुस्त करणाऱ्याची आई, गुडघ्यांनी जेरीस आलेली. पाणीपुरवठ्यातल्या बाईंची जाऊ, आठवा महिना भरलेला. लाउडस्पीकरच्या गाडीवरच्या माणसाचे सासरे, कानांनी ठार बहिरे. सकाळपासून जावई गल्लीत घसा फोडून ओरडत होता आणि सासरे आत पेपर वाचत होते. क्रीडागृहाच्या दारावर मोजणी करत असलेल्याची आजी. आधीचे तीन धरून सात जण.

बाईंनी भराभर सात कोरी कार्डं लिहिली, सात लाल टाचण्या खोचल्या. फळ्यावर कांजिण्या उठल्यासारखं दिसायला लागलं. "कोणीही स्वतःच्या घरी जाणार नाही," त्यांनी माइकमध्ये सांगितलं. "आपल्या माणसाशी माणूस वाद घालत बसतो. जो जवळ असेल त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं." आणि त्यांनी वाटणी केली. प्रमुखांच्या बायकोला आणायला भोंगावाला. भोंगावाल्याच्या आईला प्रमुखांचे जवान. आपल्या घरी, कोण जवळ होतं, तर एक जवान आणि नळवाला. स्वयंसेवक होता, इमारतीत खालीच राहायचा, खांदे चांगले रुंद. एकच अडचण. सासूबाई गेली दोन वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याने दुरुस्त केलेला नळ दुरुस्तीच्या आधी कमी गळत होता, असं त्यांचं म्हणणं.

आणि सावकाश? सावकाशने त्या दिवशी गाडी अशी हाणली की गाव अजून सांगतं. वळणावर गाडी दोन चाकांवर गेली म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही. पण अकरा एकोणचाळीसला पहिली लाल टाचणी हिरवी झाली, बेचाळीसला दुसरी आणि तिसरी. बहिऱ्या सासऱ्यांना पेपरसकट आणलं. सावकाशच्या बाबांना मशीनसकट भोंगावाल्याने आणि एका जवानाने उचललं. ते गाडीत चढताना मुलाला म्हणाले, "मला वाटलं आज तुला फार काम आहे, म्हणून हाक नाही मारली." सावकाशने मान वळवून घेतली आणि गाडी सुरू केली.

अकरा एक्कावन्न. सहा हिरव्या. एक लाल. आणि फोन वाजला.

"अगं, हा नळवाला आलाय," सासूबाईंचा आवाज. "मला म्हणतो स्ट्रेचरवर आडवं व्हा. मी आडवी होऊन घराबाहेर एकदाच जाणार आहे, आणि ती वेळ अजून आलेली नाही. बसून नेणार असेल तर येते."

"आई, खुर्चीत बसा. त्यांना म्हणावं खुर्चीसकट उचला. पण लवकर!"

"बसतेय, बसतेय. गॅस बंद केला की नाही ते बघायचंय. आणि कुलूप लावल्याशिवाय मी निघायची नाही."

"आई, पूर आलाय! कुलूप कसलं लावताय!"

"पूर जाईल. चोर राहतील," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढची मिनिटं बाईंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून त्या फळ्यावरच्या एका लाल टाचणीकडे बघत होत्या. दुसऱ्या मजल्यावरून दोन माणसं खुर्ची उतरवताहेत, सासूबाई वरून सूचना देताहेत, वळणावर खुर्ची अडली, हे सगळं त्यांना बसल्या जागी दिसत होतं. एकदा वाटलं, खड्ड्यात जाऊ दे तो सराव, धावत जावं. पण मग बाकीच्या दहा गल्ल्यांचा फोन कोण उचलणार? त्या बसून राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाने बारा वाजवले. निरीक्षकांनी कळ दाबली.

बारा वाजून सहा मिनिटांनी खुर्ची कक्षाच्या दारात टेकली. नळवाला घामाने निथळत होता. सासूबाईंच्या मांडीवर पर्स होती आणि मुठीत किल्ली. "जिन्याच्या वळणावर याने चांगलं सांभाळलं हं," त्या नळवाल्याकडे न बघता म्हणाल्या. दोन वर्षांनी निघालेला शब्द तो. नळवाल्याने तो जपून ठेवला. मग सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "ही होय तुझी खोली! मला वाटलं मोठी असेल."

बाईंनी हिरवी टाचणी खोचली. अठ्ठेचाळिसावी.

"सहा मिनिटं," निरीक्षक म्हणाले. "नियमाने एक व्यक्ती पाण्यात."

"माझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. "कुलूप मी लावलं. तिला बोल लावू नका."

"नाही आई," बाई म्हणाल्या. "मी यादीत घातलं असतं तर तुम्ही साडेदहालाच आला असतात, कुलूप लावून, शेजारच्यांची चौकशी करून. चूक माझीच आहे." आणि त्या निरीक्षकांकडे वळल्या. "लिहा साहेब. नापास."

निरीक्षकांनी चहाचा गार झालेला कप उगाच सरळ केला. "बाई, एकोणीस गावांत मी हिरवे फळे पाहिले," ते म्हणाले. "सगळ्यांना पास केलं. फळ्यावर नसलेला माणूस कुठे आहे, हे त्यांना कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तुमच्या फळ्यावर नसलेली सात माणसं तुम्ही स्वतः सांगितलीत आणि बत्तीस मिनिटांत सहा आणलीत. असा कक्ष बंद करून मी वर काय तोंड दाखवू? सहा मिनिटांचा उशीर मी लिहिणार. पण कक्ष चालू ठेवावा असंही लिहिणार. एका अटीवर. या सात जणांचे यादीत नोंदणीचे फॉर्म माझ्यासमोर भरा. आत्ता. पुढच्या वेळी घड्याळ मी धरणार नाही, नदी धरेल."

प्रमुखांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले. सावकाश तर तिथेच खाली बसला. सातही घरची माणसं कक्षात बोलावली, फॉर्म वाटले. ज्याने त्याने आपापल्या माणसाचा भरायला घेतला आणि थोड्याच वेळात सगळ्यांची पेनं एकाच ठिकाणी अडली.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: आपत्तीच्या वेळी घरी मदतीला कोण. तिथे कोणाचं नाव लिहिलं की ते कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात जायचं, त्या घरी गाडी जात नसे. 'कोणी नाही' लिहिलं तरच टाचणी मिळायची. बाईंनी हे 'कोणी नाही' आजवर शेकडो वेळा लिहिलं होतं, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांसाठी, पटापट. पण नावासमोर सासूबाईंचं नाव लिहून झालं, वय झालं, मजला झाला, आणि त्या रकान्यात त्यांनी लिहिलं: सून.

सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, फॉर्म ओढून घेतला आणि वाचला. "हे खोड."

"आई, पण मी आहे ना!"

"आहेस. रोजची आहेस. मला न्हाऊ घालतेस, माझी बोलणी खातेस, सगळं आहे. पण त्या दिवशी तू इथे असणार. असायलाच हवीस, एवढी माणसं आणायची आहेत." त्यांनी बाईंचा हात हातात घेतला, त्यांच्यात असं काही होत नसे. "तू येशील म्हणून मी वाट बघत बसेन, आणि मी घरी आहे म्हणून तुझं इथे लक्ष लागणार नाही. दोघी बुडू. खोड, आणि लिही."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आजूबाजूला कोण आहे याचंही भान राहिलं नाही. त्यांनी 'सून' खोडलं. पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. प्रमुख आपल्या फॉर्मवर वाकले होते आणि त्यांच्या मिशा ओल्या दिसत होत्या. शेवटी बाईंनी लिहिलं, अक्षर वेडंवाकडं झालं, पण लिहिलं: कोणी नाही.

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि खाली आपली सही केली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता येतील मला न्यायला."